आधी स्टूल, मग खुर्ची

लग्न होऊन साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले तेव्हा बीडीएसचं प्रमाणपत्र बॅगेच्या तळाशी होतं आणि हिंदी सिनेमापुरतं येत होतं. खासगी बाजारातल्या एका जुन्या दवाखान्यात काम मिळालं. पहिल्याच दिवशी एक बाई गालावर हात ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरनी साब, मसाला निकल गया है, फिर से भर दो." माझ्या डोळ्यांसमोर भरली वांगी आली. कंपाउंडरनं माझा चेहरा ओळखला आणि सिमेंटची बाटली पुढे सरकवली. इकडे दातात भरतात तो मसाला, कवळी म्हणजे बत्तीसी, आणि हिरडी सुजली की 'मसूड़ा फूल गया'. पाच वर्षं कॉलेजात शिकलेलं सगळं त्या आठवड्यात नव्यानं बारशाला बसवावं लागलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. चढायला दगडी, अरुंद, एकोणीस पायऱ्यांचा जिना. खाली बाजाराची वर्दळ, टेंपोचे हॉर्न, सकाळच्या बेडई-भाजीचा वास. दवाखान्याचे मालक मराठी. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणायची. त्यांचं घराणं इथं पाच पिढ्या मुरलेलं. "मी पोचलो, तर पता चला की पेशंट पळाला," अशी त्यांची वाक्यं अर्ध्या वाटेत विंध्य ओलांडत. एकदा मी बाजाराच्या नावाचं विचारलं, तर त्यांनी संध्याकाळचा चहा थंड होऊ दिला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती कधी उठलीच नाही. तिचंच शहर झालं आणि नाव राहिलं लश्कर. फौजेबरोबर आलेले शब्दही इथंच राहिले. वाड्याचा 'बाडा' झाला, आणि दौलतीच्या हिशेबापलीकडचं, राजघराण्याच्या घरचं ते 'खासगी', ते बाजाराच्या नावात येऊन बसलं. "आपल्याला पत्ता बरोबर मिळालाय," काका म्हणाले. "तोंडाइतकं खासगी काही नसतं, आणि माणूस ते उघडायला भर बाजारात येतो."

काकांच्या दवाखान्यात एक नियम होता. उपचाराच्या खुर्चीशेजारी एक लाकडी स्टूल असे, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. पेशंट आधी स्टुलावर बसायचा आणि बोलायचा. मग खुर्चीत. मला हा वेळेचा अपव्यय वाटे. एकदा तसं म्हणालेही. काका म्हणाले, "पोरी, सगळे डॉक्टर पेशंटला बोलतं ठेवून तपासतात. आपलाच धंदा असा, की तपासायला लागलो की पहिल्यांदा माणूस गप्प होतो. तोंडात आरसा गेल्यावर तो फक्त आ करणार. म्हणून काय ते आधी."

मला हे पटायला काही पेशंट लागले. शेजारीपाजारी ज्यांना 'विचित्र' म्हणत, तेच बहुतेक.

एका उन्हाळ्यात भिंडकडचे एक गृहस्थ आले. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, खांद्याला दुनाली. चंबळच्या पट्ट्यात परवान्याची बंदूक घेऊन हिंडणं म्हणजे आपल्याकडे काखेत छत्री. कंपाउंडरनं ती खरोखरच छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी केली. खालची दाढ पार किडलेली, काढण्यावाचून इलाज नव्हता. गृहस्थ खुर्चीत बसले, तोंड उघडलं आणि सुई दिसताच माझं मनगट धरलं. "सुन्न मत करना. ऐसे ही खींच दो."

साताऱ्यात असते तर मी म्हटलं असतं, भूल न देता दाढ काढत नाही, पटत नसेल तर दुसरीकडे जा. काकांनी त्यांना खुर्चीतून उठवलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, दुखायची हौस आहे का? ते हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "मुँह सुन्न हो गया तो आवाज़ कैसे देंगे?"

खाली जिन्याच्या तोंडाशी त्यांचा मुलगा उभा होता. गावात जमिनीवरून जुनं वैर होतं. रस्त्यावर, देवळात, न्हाव्याच्या दुकानात, कुठंही बसले तरी हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर मुलगा असे. आणि ही खुर्ची दाराकडे पाठ करून बसवलेली. पाण्याची नळी जमिनीतून आलेली, त्यामुळे खुर्ची फिरवणं शक्य नव्हतं.

मी कागदावर जबडा काढून दाखवला. खालच्या मज्जातंतूपाशी भूल दिली की अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीची एक बाजू बधिर होते. आवाज निघतो तो गळ्यातून, तिथं सुई पोचतच नाही. बोलणं थोडं बोबडं होईल, हाक तशीच्या तशी जाईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, परीक्षा करू. भूल दिली. दहा मिनिटांनी ओठ जड झाल्यावर ते खिडकीशी गेले आणि "ओ लला!" अशी हाक घातली. मुलगा तर तीन ढांगांत वर आलाच, त्याच्यामागून समोरचा कापडवाला, त्याचा नोकर आणि एक भाजीवालीही आली. दवाखान्यात एवढी माणसं एकदम कधी मावली नव्हती. गृहस्थ समाधानानं खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि दाढ निघेपर्यंत हूं की चूं केलं नाही. जाताना दाढ मागून घेतली, खिशातल्या काड्यापेटीत ठेवली आणि बंदूक उचलली.

जिन्यानं एकदा माझ्या हातून होऊ घातलेली मोठी चूक टाळली. सराफ्यातल्या एका पेढीवर कामाला असणारे पन्नाशीचे गृहस्थ डाव्या बाजूची खालची दाढ काढून घ्यायला आले. दाढेत जुना मसाला होता, कड थोडी तुटलेली. काढायला निमित्त पुरेसं होतं. मी हात धुवायला गेले. ते स्टुलावर बसून कंपाउंडरशी बोलत होते, "अजीब डाढ़ है. ऊपर चढ़ो तो दुखती है, बैठ जाओ तो ठीक." मी नळ बंद केला. थंड पाण्यानं कळ आली, चावताना ठणकलं, रात्री आडवं झाल्यावर ठसठसलं, हे सगळं दातांचं दुखणं. पण दाढेला जिन्याशी काय देणंघेणं? चढताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तो हिशेब दुसऱ्याच अवयवाचा. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा कळ छातीतच यावी असा नियम नाही. ती डाव्या हातात, मानेत, खालच्या जबड्यातही उतरते. मी दाढेला हात लावला नाही. काकांनी ओळखीचा रिक्षावाला बोलावला आणि त्यांना तडक जयारोग्य रुग्णालयात पाठवलं. ते चिडूनच गेले. दात दाखवायला आलो आणि हे छातीला तारा लावायला पाठवतात.

दोन-अडीच महिन्यांनी ते लाडवांचा पुडा घेऊन आले. हृदयात स्टेंट बसला होता. पुडा टेबलावर ठेवून, जिना चढून आल्यानंतरचा श्वास जरा मोजून घेत म्हणाले, "सब ठीक है. पर वो डाढ़ तो रह ही गई." ती अजून काही महिने राहू द्या, असं मी सांगितलं. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू होती. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नव्हता. त्या दाढेवर त्यांचा राग होता. माझ्या लेखी तिचे उपकार होते. तिची कड तुटली नसती तर ते आमच्याकडे आलेच नसते.

एक नवी नवरी आली होती, सासूबरोबर. हातभर घुंगट. मी प्रश्न विचारायची आणि उत्तर सासू द्यायची. नाव काय, वय काय, दुखतं कुठं. शेवटी काकांनी सासूबाईंना बाहेरच्या खोलीत बोलावून स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी सल्ला विचारायला सुरुवात केली. ही त्यांची नेहमीची युक्ती. मुलगी स्टुलावर बसली आणि घुंगट वर केला. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे, मध्ये खडूसारखे पांढरे डाग. दुखत काहीच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "पर्ची पर लिख दो कि मैं रोज़ मंजन करती हूँ."

चिठ्ठीवर मी आजवर गोळ्या लिहिल्या होत्या, एक्स-रे लिहिले होते. चारित्र्याचा दाखला पहिल्यांदाच मागितला जात होता. सासरी तिला घाणेरडी म्हणत. ती दिवसातून तीनदा दात घासे, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. माहेर विचारलं तर म्हणाली, नरवरकडचं गाव, शिवपुरी जिल्हा. मग कोडं उरलंच नाही. त्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर ताणून दीड. त्याच्या वर गेलं की हाडांत आणि दातांत बसतं. दातांचं कवच आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत हिरडीखाली घडत असतं, तेव्हा लहानपणी प्यायलेलं पाणी त्यात कायमचं विणलं जातं. तो डाग वर लागलेला नसतो, दाताबरोबर उगवलेला असतो. मंजनानं तो जाणार कसा?

मी दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहिलं. रुग्णेची मौखिक स्वच्छता उत्तम आहे, दातांवरील डाग लहानपणीच्या पिण्याच्या पाण्यामुळे आहेत. खाली सही, वर शिक्का. मग सासूबाईंना आत बोलावून तेच तोंडी सांगितलं. त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला. वाचता येत नसावं. म्हणाल्या, "मतलब पानी का दोष है." मी हो म्हटलं. "तो लड़की का नहीं." मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी कागदाची चौघडी घालून कनवटीला लावली. पुढे समोरच्या चार दातांवर पातळ थर चढवून आम्ही डाग झाकले, त्याचे पैसे सासूनंच दिले. पण मला वाटतं, मुलीला खरा उपचार हवा होता तो त्या कागदाचा.

हे सगळं लिहिताना मी शहाणी वाटत असेन. तसं नव्हतं. एक पेशंट मी घालवला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२०१३ चा हिवाळा. गजक-रेवड्यांचे दिवस. ग्वाल्हेरच्या दातवाल्यांचा हा हंगाम, कारण रेवडी दाताला अशी चिकटते की ओढून काढताना टोपीही बरोबर येते. त्या आठवड्यात मी सहा-सात टोप्या बसवल्या होत्या. रांगेत एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा होता. त्याची तक्रार ऐकून बाहेर बसलेले सगळे हसले. म्हणे, पाणीपुरी तोंडात जात नाही, पुढचे दात जरा घासून द्या. मीही हसले. गर्दी होती म्हणून स्टुलाचा सोपस्कार टाळून त्याला थेट खुर्चीत घेतलं.

तोंड उघडेचना. निरोगी माणसाच्या दोन दातांमध्ये तीन बोटं उभी मावतात, चाळीस मिलिमीटरच्या आसपास. त्याचं जेमतेम दीड बोट. गालाच्या आतली कातडी पांढरी, दोरीसारखी ताठ. सुपारीनं होतं हे. गुटख्यातली सुपारी आतल्या मऊ अस्तराचा हळूहळू चामड्याचा पट्टा करून टाकते. एकदा झालेलं परत फिरत नाही, आणि पुढे त्यातल्या काहींचा कर्करोग होतो. मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ ला गुटख्यावर बंदी आणली होती. पण टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारीशेजारी लटकत होती. दोन्ही एकत्र केल्या की झाला गुटखा.

मी त्याच्यावर कडाडले. वय काय तुझं, आईवडील आहेत ना, लाज कशी वाटत नाही, असं सगळं. तो आरसा तोंडात असल्यामुळे नुसता आ करून छताकडे बघत होता. सुपारी बंद, तोंडाचे व्यायाम, जयारोग्यला तपासणी, महिन्यानं इथं. कागद हातात दिला. जिन्यापाशी पोचल्यावर तो कंपाउंडरला म्हणाला, "रात को ट्रक चलाता हूँ भैया. न खाऊँ तो झपकी आती है." कंपाउंडरनं मला हे संध्याकाळी सांगितलं, दवाखाना झाडताना.

तो परत आला नाही. तेवढं वाक्य मी आधी ऐकलं असतं तर कदाचित रागावलेच नसते. झोपेवर दुसरा काही तोडगा निघतो का, हे दोघांनी मिळून पाहिलं असतं. त्यानं ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. पण माझी बाजू तरी पुरी झाली असती. काका मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा स्टूल भिंतीपासून ओढून जिन्याच्या दाराच्या बरोबर समोर आडवं ठेवलेलं होतं. ते टाळून आत जाताच येत नव्हतं.

आणि मग आजोबा.

संगीताचे निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीत वाढलेले, वय ऐंशीच्या पुढे. पुरी कवळी करून घेतली. माप घेतलं, मेणात दात मांडून ट्रायल केली, इकसठ, बासठ, तिरसठ मोजायला लावलं. स नीट उमटला की समोरचे दात जागेवर आहेत असं आम्ही समजतो. उमटला. कवळी तयार झाली, घट्ट बसली, काकडीसुद्धा चावता येऊ लागली. पंधरा दिवसांनी आजोबा परत. दुखतंय का? नाही. टोचतंय? नाही. गाताना हलते? गाऊन दाखवलं, भूपाचा आरोह, हलत नव्हती. मग? "बाई, माझं मराठी गेलं."

लॅबवाला म्हणाला, बुढ़ऊ सठिया गए हैं. आजोबा दर आठवड्याला येत आणि तेच सांगत. चौथ्या खेपेला मी दुपारची, रिकामी वेळ दिली. स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, आजोबा, काय गेलं ते म्हणून दाखवा. ते म्हणाले, "चमचा." आणि माझ्या कानाला खटकन लागलं. त्यांचा 'चमचा' 'चहा'च्या च नं निघाला होता. 'जग' 'जीव'च्या ज नं. 'झाड'सुद्धा तसंच, टाळूवर चिकटलेलं.

आपल्याकडे च दोन. चहाच्या च ला जीभ टाळूला टेकते, चमच्याच्या च ला वरच्या दातांच्या मुळाशी जाते. लिहिताना एकच अक्षर, म्हणून शाळेत कुणी शिकवत नाही. आईच्या तोंडून कानात पडतं तेवढंच. हिंदीत हा दुसरा च नाहीच. लॅबवाल्यानं शेकडो कवळ्या केल्या, एकाही गिऱ्हाइकाची ही तक्रार आली नाही, कारण ते गिऱ्हाईक हिंदीत बोलत होतं. आमची परीक्षासुद्धा इकसठ-बासठची. आजोबांच्या कवळीला दातांमागे ऍक्रिलिकचा थर किंचित जाड होता. जीभ मुळापर्यंत पोचायच्या आत त्याला अडून मागे सरके.

कवळीच्या टाळूवर बेबी पावडर भुरभुरवली, तोंडात बसवली आणि म्हटलं, म्हणा चमचा. कवळी काढून पाहिली तर जीभ जिथं टेकली तिथली पावडर पुसली गेलेली. जिथं टेकायला हवी तिथं ती तशीच. तेवढ्या जागी केसाएवढं घासलं. पुन्हा पावडर, पुन्हा चमचा. तीन दुपारी असं चाललं. जास्त घासावं तर कवळीला भोक पडेल, कमी घासावं तर मराठी येईना.

तिसऱ्या दुपारी मी म्हटलं, आता एकाच शब्दात दोन्ही च बघू. म्हणा, चिंच. पहिला टाळूचा, दुसरा दाताचा. आजोबा हसले. लहानपणी गुरूंनी हजिऱ्याला तानसेनच्या कबरीपाशी नेऊन तिथल्या चिंचेची पानं खायला लावली होती, आवाज गोड व्हावा म्हणून. ग्वाल्हेरात गाणं शिकणाऱ्या कितीतरी मुलांना ती खायला मिळाली आहेत. आवाजाचं पुढे काय झालं ते देव जाणे, म्हणाले, पण दात तेव्हाच आंबले. मग सावकाश, एकेक अक्षर जागेवर ठेवत, म्हणाले, "चिंच."

दोन्ही च आपापल्या घरी गेले होते. आजोबांनी आणखी दोनदा म्हणून पाहिलं. बरोबर आलेला नातू मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "चिंच. त्यात काय एवढं?" त्याचे दोन्ही च टाळूचे. आजोबा त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "याचे तर सगळे दात आहेत," ते म्हणाले.

त्या रात्री घरी जेवताना माझ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं चमचा मागितला. हा शब्द ती रोजच म्हणत असणार. मी पहिल्यांदा ऐकला. दोन्ही च चहाचे. तिचे अठ्ठावीस दात मीच दर सहा महिन्यांनी तपासते. एकही किडलेला नाही. तिला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. तिनं सवयीनं आ वासला.

"मीट," म्हटलं. "आधी बोल."